सात हाली, सहा कलदार

१९४८ पर्यंत नगर जिल्ह्याच्या पूर्वेला आणि ईशान्येला एक सरहद्द होती. तिच्या दोन्ही बाजूंना भाषा एकच होती. ज्वारी-बाजरी तीच, पंढरीची वाट तीच, सोयरिकीही एकमेकांत होत. रुपया मात्र वेगळा होता. गोदावरीच्या अलीकडे टोका आणि प्रवरासंगम, पलीकडे कायगाव. अलीकडे इंग्रजी हद्द आणि पलीकडे निजामाचे राज्य, म्हणजे लोकांच्या बोलण्यातली मोगलाई. आजच्या कोपरगाव, श्रीरामपूर, नेवासे, शेवगाव, पाथर्डी, जामखेड या तालुक्यांतल्या शेवटच्या गावांना ही हद्द रोज ओलांडावी लागे. जामखेडची तर रचनाच अशी होती, की तालुक्याची काही गावे चहूबाजूंनी मोगलाईने वेढलेली होती. इंग्रजी हद्दीत चालणारा रुपया कलदार, मोगलाईत चालणारा हाली. सरकारी दर होता १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. व्यवहारात सात हाली म्हणजे सहा कलदार.

या हद्दीची आठवण आज काढण्याला कारण आहे. २०२५च्या डिसेंबरात डॉलरने नव्वद रुपयांची पातळी ओलांडली, तेव्हा घराघरांत एकच चर्चा झाली. मुलगी अमेरिकेत आहे त्यांना पैसे जास्त येतील, मुलाला तिकडे शिकायला पाठवायचे त्यांचा खर्च वाढेल, दुबईहून सोने आणणे परवडेल की नाही. या चर्चेत गृहीत असे धरलेले असते, की विनिमयदर कळला म्हणजे पलीकडचे स्वस्त की महाग ते कळले. नगरच्या पूर्वहद्दीवर शंभर वर्षांहून अधिक काळ दोन रुपये शेजारी शेजारी नांदले. त्या हद्दीकडे नीट पाहिले तर हे गृहीतक टिकत नाही, आणि ते का टिकत नाही हे आजच्या शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे, असे मला वाटते.

आधी दराचे मूळ पाहू. कलदार रुपया १८० ग्रेन वजनाचा, त्यात बारा भागांतले अकरा भाग शुद्ध चांदी, म्हणजे १६५ ग्रेन. हाली रुपया वजनाने थोडा हलका, सुमारे ११.१८ ग्रॅम, आणि त्यात चांदीचे प्रमाण शेकडा ८२च्या आसपास. हिशोब केला तर कलदारात सुमारे १०.७ ग्रॅम चांदी भरते आणि हालीत सुमारे ९.१ ग्रॅम. हे प्रमाण जवळजवळ सातास सहाच आहे. म्हणजे सराफ जेव्हा हालीवर बट्टा लावून कलदार देत असे, तेव्हा मुळात तो चांदीच मोजत होता. कलदार घेऊन मोगलाईत गेलेल्या माणसाला सहाचे सात मिळाले, म्हणून तो श्रीमंत झाला नाही. त्याच्या हातात तेवढीच चांदी जरा जास्त तुकड्यांत आली.

पुढे हा धातूचा आधार सुटला. १८७०नंतर जगात चांदी उतरत गेली आणि तिच्याबरोबर रुपयाही पौंडाच्या तुलनेत घसरला. इंग्लंडला दरवर्षी पौंडांत रक्कम पाठवणाऱ्या हिंदुस्थान सरकारला हे जड जाऊ लागले. १८९३मध्ये सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. त्याआधी कोणीही चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत होता. नंतर रुपयाची किंमत त्यातल्या चांदीपेक्षा वर राहिली आणि पुढे ती १ शिलिंग ४ पेन्सांवर बांधली गेली. लंडनच्या दृष्टीने प्रश्न सुटला. पण नगर जिल्ह्यातल्या शेतकरी बाईच्या पायातले तोडे आणि हातातली कडी-वाळे ही तिची ठेव होती, आणि ती ठेव चांदीची होती. १८९६-९७ आणि १८९९-१९००च्या दुष्काळांनी हा जिल्हा होरपळला, तेव्हा ही चांदी विकायला निघाली. जुन्या व्यवस्थेत तिचे वजनाला वजन रुपये झाले असते. आता बाजारात उतरलेल्या चांदीचा भाव तेवढा मिळे, आणि सारा भरायचा तो मात्र टांकसाळ बंद करून महाग केलेल्या रुपयांत. विनिमयदर सावरण्याची किंमत ज्याने परदेशी नाणे कधी पाहिलेही नव्हते त्याने दिली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध १९२३मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्यात या सगळ्या इतिहासाची चिकित्सा आहे. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा, की रुपयाचा परदेशी नाण्याशी असलेला दर स्थिर ठेवणे हे मुख्य काम नाही. देशात रुपयाला काय आणि किती मिळते, म्हणजे त्याची क्रयशक्ती, ती स्थिर राहिली पाहिजे. दर स्थिर असूनही भाव चढू शकतात आणि त्यात रोजावर जगणारा भरडला जातो. आज वाचताना हा विचार साधा वाटतो. पण त्या काळी सरकार, व्यापारी आणि बहुतेक पुढारी एकच वाद घालत होते, रुपया १ शिलिंग ४ पेन्स असावा की १ शिलिंग ६ पेन्स. अशा वेळी रुपयाकडे बाजारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहणे हे मोठे धाडस होते.

आता त्या हद्दीवरच्या बाजाराकडे येऊ. नाण्यांच्या दराखेरीज तिथे आणखी एक गोष्ट होती, निजामाची करोडगिरी. मालावर साधारण शेकडा पाच जकात, आणि तीही आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या दोन्ही मालांवर. मोगलाईतल्या गेवराईकडचे एक कुटुंब लग्नाचा बस्ता बांधायला नगरच्या कापडबाजारात आले असे धरू. बस्ता झाला ६० कलदार. त्यासाठी त्यांनी सराफाकडे मोजले ७० हाली, सराफाचा नफा वेगळा. परतताना नाक्यावर शेकडा पाचाने साडेतीन रुपये. बस्ता घरी पोचला तो साडेत्र्याहत्तर हालीला. मग गेवराईच्या दुकानातून का घेतला नाही? कारण तिथल्या दुकानदाराने तोच माल तोच दर देऊन आणि तीच जकात भरून आणलेला. त्यावर त्याचे गाडीभाडे आणि नफा. कुटुंबाने वाचवला तो दुकानदाराचा नफा आणि मिळवली ती निवड. साताला सहाच्या दराने त्यांना काही दिले नाही आणि त्यांचे काही नेलेही नाही.

उलट दिशेने पाहू. कायगावच्या बाजूला ज्वारीचे पोते १० हालीला आहे आणि नगरला तसेच पोते १० कलदारांना. टोक्याचा माणूस म्हणेल, पलीकडे स्वस्त आहे. १० हाली, वर जकातीचे आठ आणे, म्हणजे साडेदहा हाली, आणि त्याचे बरोबर नऊ कलदार. पोत्यामागे एक रुपया सुटला. हा फायदा खरा आहे, पण तो किती दिवस टिकणार? एका पोत्यासाठी नावेने नदी ओलांडणे, दिवस मोडणे आणि सराफाचा बट्टा सोसणे हे मजुराला परवडत नाही. ज्याच्याकडे दहा गाड्या, रोकड आणि नाक्यावर ओळख आहे त्याला परवडते. त्याने उचल सुरू केली की पलीकडचा भाव चढतो आणि अलीकडचा उतरतो. फरक शेवटी जकात आणि गाडीभाडे एवढाच उरतो. मधल्या काळात सुटलेला पैसा त्याच्या पेढीत गेलेला असतो. कायगावच्या भूमिहीन माणसाच्या वाट्याला आली ती महाग झालेली ज्वारी.

इथे या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. माल हद्द ओलांडतो, म्हणून मालाचा भाव दोन्हीकडच्या नाण्यांचा हिशोब ठेवतो. मजुरी हद्द ओलांडत नाही. ती गावाच्या रिवाजाने, मालक आणि मजूर यांच्या बळाने, पाऊसकाळाने ठरते आणि वर्षानुवर्षे त्याच आकड्यावर बसून राहते. समजा, दोन्हीकडे सालगड्याचे साल ६० रुपयांचे आहे, इकडे कलदार आणि तिकडे हाली. मघाचाच बस्ता नगरकडच्या सालगड्याला एका वर्षाच्या कमाईत येतो. मोगलाईतल्या सालगड्याला त्यासाठी एक वर्ष, दोन महिने आणि एकवीस दिवस राबावे लागते. वस्तूची खरी किंमत ही आहे. ती दिवसांत मोजली म्हणजे दिसते. नाण्यांत मोजली तर लपते.

मात्र इथे एक भर घातली पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. सालगड्याच्या सालात रोख थोडी असे. बाकी धान्य, वर्षाचे कपडे, जोडा, दोन वेळची भाकरी. बलुतेदाराचे बलुते तर खळ्यावरच मिळे. सुताराला नांगर-कुळवाच्या कामाबद्दल किती पेंढ्या मिळतात याच्याशी हालीचाही संबंध नव्हता आणि कलदाराचाही. गावच्या मातीत पिकणारे, गावातच खपणारे आणि गावातल्या हाताने होणारे जेवढे आहे तेवढ्यावर विनिमयदराची सत्ता चालत नाही. ती चालते बाहेरून येणाऱ्या मिठावर, कापडावर, रॉकेलवर, लोखंडावर आणि बाहेर जाणाऱ्या कापूस-गळितावर. म्हणून ज्या घरात बाहेरची वस्तू जास्त, त्या घराला दराची झळ जास्त. शंभर वर्षांपूर्वी ती घरे थोडी होती. आज बाहेरच्या वस्तूवाचून चालणारे एकही घर उरलेले नाही, आणि दोन काळांतला खरा फरक हा आहे.

जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १७९५मध्ये मराठ्यांनी निजामाचा पराभव केला ती लढाई इथली, एवढेच आपण शाळेत शिकतो. पण इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांनी खर्ड्याची नोंद केली ती व्यापाराची पेठ म्हणून. पाचशेहून अधिक व्यापारी, दुकानदार आणि सावकार, धान्याचा आणि देशी कापडाचा मोठा व्यवहार, मंगळवारचा गुरांचा बाजार. भोवती मोगलाई आणि मध्ये ही इंग्रजी पेठ. खर्ड्याची भरभराट केवळ जमिनीच्या सुपीकतेने समजत नाही. दोन नाणी, दोन जकाती आणि दोन कायदे जिथे भेटतात तिथे मध्यस्थाचा धंदा उभा राहतो. त्याला दोन्हीकडचे भाव ठाऊक असतात, कोणते नाणे केव्हा चढेल याचा अंदाज असतो, उधारी द्यायची ताकद असते. सावकार आणि सराफ एकाच गल्लीत बसत, पुष्कळदा एकाच गादीवर. ज्याला कर्ज हालीत दिले त्याच्याकडून ते कलदारात वसूल करायचे की हालीत, हे लिहिणारा ठरवी. वाचता न येणाऱ्या कुळाला तो आकडा फक्त ऐकता येई.

विसाव्या शतकात हाली रुपयाने आधुनिक रूप घेतले. चारमिनारची मुद्रा त्यावर आली. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९१८मध्ये हैदराबादने कागदी नोटाही काढल्या. त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नड अक्षरेही होती. दर फार हलू नये म्हणून संस्थानाने राखीव निधी ठेवला, आणि १९४२मध्ये हैदराबाद स्टेट बँक सुरू झाल्यावर चलनाची जबाबदारी तिच्याकडे गेली. हे सगळे काम चोख होते असे मान्य करायला हरकत नाही. देशातल्या दुसऱ्या कोणत्याही संस्थानाला स्वतःच्या नोटा इतक्या व्यवस्थितपणे चालवता आल्या नाहीत. पण चलन चालवणे आणि ते चलन ज्यांच्या कमरेला आहे त्यांचे जगणे सांभाळणे ही दोन वेगळी कामे आहेत. निजामाने पहिले केले. दुसऱ्याकडे त्याची पाठ होती.

नाण्याचा दर हा सत्तेचाही प्रश्न आहे, हे १९४७-४८मध्ये उघड झाले. २९ नोव्हेंबर १९४७ला भारत आणि हैदराबाद यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. शाई वाळते न वाळते तोच हैदराबादने दोन वटहुकूम काढले. एकाने संस्थानातून भारतात सोने-चांदी नेण्यावर बंदी आली. दुसऱ्याने भारतीय चलन संस्थानात कायदेशीर राहिले नाही. पाठोपाठ पाकिस्तानला भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपाने २० कोटी रुपयांचे कर्ज देऊ केल्याचे कळले. दिल्लीच्या तक्रारींत हे तिन्ही मुद्दे अग्रभागी होते. भारताने मग मालाची नाकेबंदी केली. वरच्या पातळीवर ही मुत्सद्देगिरी होती. शेवगाव-पाथर्डीच्या कडेच्या गावात तिचा अर्थ असा, की काल चालणारा कलदार आज पलीकडच्या बाजारात गुन्हा ठरला आणि पलीकडच्या नातेवाइकांकडे येणारे मीठ, रॉकेल, औषध अडले. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सीमेवरच्या तरुणांनी करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले केले. जकात हे राज्याचे उत्पन्न होते आणि नाका ही लोकांच्या रोजच्या डोळ्यांसमोरची निजामशाही होती. म्हणून त्यांची निवड अचूक होती.

सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतर हद्द गेली, पण हाली लगेच गेला नाही. १९५०पासून भारतीय रुपया बरोबरीने चालू झाला, दर तोच सातास सहा. १९५१पासून नवे हाली निघणे थांबले आणि १९५९मध्ये ते पूर्णपणे चलनबाह्य झाले. जकातीचेही तसेच. संविधानाच्या मूळ अनुच्छेद ३०६ने हैदराबादसारख्या ‘भाग ब’ राज्यांना अंतर्गत जकात आणखी काही वर्षे, जास्तीत जास्त दहा, चालू ठेवण्याची मुभा दिली होती. देश एक झाल्यावरही नाका उठायला वेळ लागला, कारण राज्याच्या तिजोरीला त्याची सवय झाली होती.

त्या हद्दीवरचा हिशोब आजच्या जगाला लावून पाहू. दुबईचे सोने घ्या. तिथला दिरहॅम १९९७पासून डॉलरशी बांधलेला आहे, ३.६७२५ला एक डॉलर. सोन्याचा भाव जगभर डॉलरमध्ये ठरतो. म्हणजे रुपया घसरला की दुबईतले सोने आपल्याला महाग पडते आणि त्याच दिवशी नगरच्या सराफबाजारातलेही तेवढेच महाग होते. विनिमयदर दोन्हीकडे सारखाच लागू. मग फरक कशाचा? आपल्या आयातशुल्काचा आणि घडणावळीचा. २३ जुलै २०२४ला अर्थसंकल्पात सोन्यावरचे शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले आणि दुबईहून दागिना आणण्यातली बरीचशी गंमत एका दिवसात संपली. रुपया तेव्हा जागचा हललाही नव्हता.

अमेरिकेतला कॉफीचा पेला नव्वदने गुणून आईवडिलांचे डोळे विस्फारतात, तेही असेच. २०१७च्या जागतिक क्रयशक्ती तुलनेत भारत सरकारने दिलेले आकडे लक्षात घेण्यासारखे आहेत. बाजारात डॉलर ६५.१२ रुपयांचा होता. पण एका डॉलरला अमेरिकेत जेवढे मिळते तेवढे भारतात मिळवायला २०.६५ रुपये पुरत होते. दोन आकड्यांमधली ही दरी मुख्यतः कशाची आहे? आपल्याकडच्या स्वस्त श्रमाची. इथे केस कापणे, भांडी घासणे, रिक्षा चालवणे, शिकवणी घेणे स्वस्त आहे, कारण ते करणारा माणूस हद्द ओलांडू शकत नाही. परदेशातून आलेला आपला माणूस ‘इथे सगळे किती स्वस्त’ म्हणतो, तेव्हा तो या माणसाच्या मजुरीबद्दल बोलत असतो. मोबाइल इथे स्वस्त नसतो, पेट्रोल नसते, सोने तर नसतेच.

नगर जिल्ह्यासाठी खरा प्रश्न मात्र कांद्याचा आहे. हा जिल्हा नाशिकनंतरचा मोठा कांदा उत्पादक. घोडेगाव, नेप्ती, पारनेर, राहाता, संगमनेर इथल्या बाजारांत गोण्यांचे लिलाव चालतात. ‘रुपया घसरला की निर्यातदार सुखी’ हे पाठ्यपुस्तकातले वाक्य घोडेगावच्या वक्कलावर, म्हणजे लिलावातल्या कांद्याच्या ढिगावर, लावून पाहू या. डॉलर चढला तर परदेशी गिऱ्हाइकाला आपला कांदा स्वस्त पडतो, मागणी वाढते, लिलावात बोली चढते. असे होते, पण नाका उघडा असेल तर. ८ डिसेंबर २०२३ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. तो काळ लाल कांद्याच्या आवकेचा. लाल कांदा उन्हाळी गावरानसारखा चाळीत महिनोन्‌महिने राहत नाही; काढला की विकावा लागतो. बाहेर डॉलर कितीही चढला असता तरी त्या शेतकऱ्याच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशोबावर, त्याचा एक पैसा उमटला नसता.

४ मे २०२४ला बंदी उठली, पण टनाला किमान ५५० डॉलर निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क या अटींसह. म्हणजे प्रत्यक्षात ७७० डॉलर. तेव्हाच्या साधारण ८३ रुपयांच्या दराने किलोला जवळपास ६४ रुपये. एवढी किंमत परदेशी व्यापाऱ्याने मोजली तरच आपला कांदा बंदरातून हलणार. निर्यात उघडली असे कागदावर म्हणता येत होते. सप्टेंबर २०२४मध्ये किमान मूल्य गेले आणि शुल्क २० टक्के झाले, १ एप्रिल २०२५पासून शुल्कही गेले. सुमारे सोळा महिन्यांच्या या काळात श्रीलंकेचा, बांगलादेशाचा, आखातातला व्यापारी पाकिस्तानकडे, चीनकडे, इजिप्तकडे बघायला शिकला. दर अनुकूल झाला म्हणून गेलेले गिऱ्हाईक आपोआप परत येत नाही.

कांदा पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या खर्चाची बाजू कोणत्याही नाक्यावर अडत नाही. पालाश खतासाठी देश जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे, डीएपी आणि त्याचा कच्चा माल मोठ्या प्रमाणावर बाहेरून येतो, डिझेल ज्या तेलापासून होते त्यातले बहुतेक तेल बाहेरचे. अनुदानाने झळ कमी होते, नाहीशी होत नाही. रुपया घसरला की ओझे वाढते. म्हणजे हा माणूस डॉलरच्या भावाने विकत घेतो आणि निर्यात बंद झाली की सरकारने ठरवलेल्या बंद बाजारात रुपयाच्या भावाने विकतो. मोगलाईतला तो सालगडी आठवा, ज्याची कमाई हालीची आणि बस्ता कलदाराचा. दोघांची अडचण एकाच जातीची आहे. फरक एवढाच, की तेव्हा दोन नाणी दोन राज्यांची होती. आता एकाच राज्याच्या एका धोरणाने एकाच माणसाच्या देण्याघेण्यात दोन दर लागू होतात.

शहरातल्या गरिबाला कांदा परवडला पाहिजे, ही मागणी मी कमी लेखत नाही. आंबेडकरांचा क्रयशक्तीचा विचार मान्य केला तर ती मान्य करावीच लागते. ठाण्या-मुंबईतल्या रोजंदारीच्या माणसाला कांदा किलोला ६० रुपये झाला तर त्याच्या ताटातून तो जातो. पण त्याचे ताट भरण्याचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न आपण विचारत नाही. सरकारने बाजारभावाने कांदा खरेदी करून तो तिजोरीतून उचलावा, म्हणजे आयकर भरणाऱ्या माझ्यासारख्यांच्या वाट्यालाही त्यातला हिस्सा येईल. निर्यात बंद केली की तो सगळा भार पाथर्डी-नेवाशाच्या दोन-तीन एकरवाल्यावर पडतो, आणि अर्थसंकल्पात त्याची कुठे नोंदही होत नाही. ज्याची नोंद नाही त्या कराविरुद्ध भांडताही येत नाही.

निजामाची करोडगिरी अन्याय्य होती आणि ती गेली हे योग्यच झाले. तरी ती शेकडा पाच होती, आणि कायगावला गाडी जुंपण्याआधीच गाडीवानाला तो आकडा ठाऊक असे. पेरताना घोडेगावच्या शेतकऱ्याला आज एवढे तरी ठाऊक असायला हवे. लाल कांद्याच्या रोपाला पावसाळ्यात हात घालतानाच सरकारने त्या हंगामाचे निर्यातधोरण जाहीर करावे, शुल्क लावायचेच असेल तर त्याची कमाल मर्यादा आधी सांगावी, आणि हंगाम संपेपर्यंत ती ओलांडू नये. त्यानंतर रुपया चढो वा उतरो, त्याचा भला-बुरा परिणाम शेतकऱ्याच्या पट्टीवर उमटेल आणि पुढच्या वर्षी किती गुंठे लावायचे हे तो त्या पट्टीवरून ठरवील.